लंबगोल

टेम्पोतून उतरवलेल्या आर्मच्या टोकाच्या भोकात गहिनीनाथनं सवयीनं चार बोटं घातली आणि आतल्या कडेवरून फिरवली. पोकलेनचा हा पुढचा हात, ज्याच्या टोकाला बकेट लटकते, लाकडी ठोकळ्यांवर आडवा पडला होता. बकेट नव्हती, ती अडकवणारी पिन नव्हती. नुसतं भोक होतं आणि ते गोल राहिलं नव्हतं. बोटं वरून गुळगुळीत घसरत आली आणि खालच्या अंगाला, जिथं सगळा भार येतो तिथं, एका खोलगट घळीत उतरली. अशी भोकं तो रोज पाहायचा. जिल्ह्यातली सगळी झिजलेली यंत्रं मांजरसुंब्याच्या रस्त्यावरच्या या शेडमध्ये यायची आणि त्याला त्याचं नवल उरलं नव्हतं. पण बोटं बाहेर काढताना पिवळ्या रंगावर हिरव्या रंगानं लिहिलेली, अर्धी खरवडलेली अक्षरं डोळ्यांपुढे आली. मजूर सहकारी संस्था. खाली तालुका. आणि अक्षरांच्या शेजारी तो पोचा, जो तळ्याच्या सांडव्याला घासून पहिल्याच आठवड्यात त्याच्याच हातून पडला होता. शेडबाहेर ऊन पांढरंफटक होतं, रस्त्यावरून पाण्याचा टँकर सांडत चालला होता. त्यानं पुन्हा बोटं आत घातली. तीच घळ. तेव्हा होती त्याहून खोल. म्हणजे यांनी ते भरलंच नव्हतं. त्या दिवसानंतरसुद्धा भरलं नव्हतं. पत्रा कोंबून, ग्रीस थापून, नव्या ऑपरेटरला बसवून तीन वर्षं हे भोक माणसांच्या डोक्यावर फिरवत ठेवलं होतं.

टेम्पोमागून पांढरी जीप आली आणि तिच्यातून मोहनराव उतरले. संस्थेचे चेअरमन. तेव्हापेक्षा थोडे जाड, गळ्यात तसाच टॉवेल. शेडचा मालक राधाकिशनशेठ घाईघाईनं खुर्ची घेऊन पुढे गेला.

"खुर्ची ऱ्हाऊ द्या शेठ. उद्या सांजच्याला मशीन तळ्यात पायजे. पाऊस पडला तर गाळ तसाच ऱ्हाईल अन् लोक मला शिव्या देतील. कोण करतं काम?"

"ह्यो करतो. लई साफ हात हाय."

गहिनीनाथनं तोंडावरचा वेल्डिंगचा मुखवटा वर सरकवला. त्यानं तो मुद्दाम सरकवला. तो उभा राहिला, की आता हा माणूस बघेल, थबकेल, निदान पापणी तरी हलेल. मोहनरावांची नजर त्याच्या चेहऱ्यावर आली, भिंतीवरून फिरावी तशी फिरली आणि आर्मवर जाऊन थांबली.

"ए वेल्डर, नीट भर बरं का. फिरती मशीन हाय. खाली माणसं असत्यात."

जीप गेली. गहिनीनाथ उभाच होता. खाली माणसं असत्यात. हे वाक्य त्याचं होतं. शब्दाला शब्द त्याचं होतं. त्या उन्हाळ्यात, तेलगावच्या पुढच्या त्या कोरड्या तळ्यात, तळाला पडलेल्या भेगांत पाय अडकत असताना, टॉवेल डोक्यावर घेऊन बांधावर उभ्या असलेल्या याच माणसाला तो म्हणाला होता, मालक, पिन लई हलती, भोक मोठं झालंय, खाली माणसं असत्यात. आणि मोहनराव म्हणाले होते, तळं उरकू दे, मग बघू. तळ्यातला गाळ काढायचा आणि बांधाला दगड लावायचे, असं ते काम होतं. गाळ मशीन काढायचं, दगड बाया लावायच्या. संस्था मजुरांची, म्हणजे बांधावर दगड लावणारी भिमाबाई सभासद, बकेट चालवणारा गहिनीनाथ सभासद, आणि मशीन संस्थेचं. तेव्हा चहाच्या वेळी तो हसून म्हणायचा, भिमाबाई, मी तुझं मशीन चालवतो, मला जरा सांभाळून बोल. ती म्हणायची, मग माझ्या मशीनला सावलीत लाव, तापलंय लई. असं हसणं चालायचं. बकेट वर गेली की टोकाशी खट् असा आवाज यायचा, खाली आली की पुन्हा खट्. पहिले काही दिवस तो आवाज दातांत बसायचा. मग त्याची सवय झाली, जशी माणसाला कशाचीही होते.

त्या दिवशी दुपारी आवाज आला नाही. एवढंच त्याला नीट आठवत होतं. बकेट भरून वर गेली आणि खट् झालं नाही, आणि त्यानं खाली पाहिलं तर बकेट एका अंगानं लोंबत होती, आणि मग ती दाराची कडी निखळावी तशी फिरली. पिन एका बाजूनं पूर्ण बाहेर आली होती. बांधाच्या पायथ्याशी बाया वाकलेल्या होत्या. बाकीच्या पळाल्या. भिमाबाईचा पाय दगड आणि बकेट यांच्यामध्ये सापडला. ती ओरडली नाही, इतरजणी ओरडल्या. मुकादमानं पोलिसांना सांगितलं, ऑपरेटर मोबाईलवर बोलत होता. मोबाईल त्याच्या शर्टाच्या खिशात होता. त्याला खात्री होती. त्या रात्री कोठडीत खात्री होती, जामिनावर सुटला तेव्हा होती, आणि मग महिन्यामागून महिने तालुक्याच्या कोर्टात तारखा पडत गेल्या, लोक चहाच्या टपरीवर त्याच्याशी बोलायचे थांबत गेले, आणि ती खात्री हळूहळू घासत गेली. झोपेत उजवा हात दांडी ओढायचा. आपण झटका दिला का? घाईत होतो का? जेवणाची वेळ झाली होती, भूक लागली होती, म्हणून जोरात ओढली का? शेवटी त्याला कळेनासं झालं की त्याला काय आठवतं आणि मुकादमानं सांगितलेलं काय आठवतं. कुणी मशीनवर बसू देईना. तो बीडला आला. राधाकिशनशेठनं ठेवून घेतलं, काम शिकवलं. तेलगावकडं तो पुन्हा फिरकला नाही. तारखेलासुद्धा दुसऱ्या रस्त्यानं जायचा.

शेडमधलं काम त्याला मानवलं होतं, कारण त्यात हात स्वतः काही ओढत नव्हता. भोकाच्या बरोबर मधून एक गज बसवायचा. त्याच्या टोकाची टॉर्च आपोआप फिरत राहते, वायर आपोआप पुढे सरकते, आणि वितळलेल्या लोखंडाची वळी वळीशेजारी पडत झिजलेला भाग आतून भरून येतो. मग दुसरा गज, त्याला पातं. तेही आपोआप फिरतं आणि जादा लोखंड कातरून भोक गोल करतं. माणसानं मध्य जुळवायचा आणि लक्ष ठेवायचं. चुकलं तर मशीन चुकलं असं म्हणायची सोय होती. अशा भोकाला शेडमध्ये बोअर म्हणत. एसटीत कुणी विचारलं, काय करता, आणि तो म्हणाला बोअरचं काम, की समोरचा लगेच विचारायचा, किती फुटांवर लागलं पाणी? आधी तो समजावून सांगायचा. मग त्यानं सोडून दिलं. लागलं नाही म्हणायचा. समोरचा मान हलवायचा.

आता त्याच्यासमोर ते भोक पडलं होतं आणि तो त्याला हात लावत नव्हता. त्यानं मोबाईलवर फोटो काढले आणि वकिलाला फोन लावला. वकील कुठंतरी जेवत होता. "फोटोचं काय करायचं? कुठल्याही भोकाचा फोटो म्हणतील," वकील म्हणाला. "लोखंड पाहिजे. तो तुकडा आहे तसा ठेव. भरलास की संपलं. मी अर्ज करतो, कोर्टानं जप्त करायला पाहिजे."

"किती दिवस लागतील?"

"लागतील. कोर्ट आहे."

राधाकिशनशेठनं हे ऐकलं होतं. तो वाईट माणूस नव्हता आणि त्याचाच गहिनीनाथला संताप आला, की वाईट असता तर बरं झालं असतं. "गहिनी, तुझं समदं खरं धरून चालू," शेठ म्हणाला. "पन मी किती दिवस थोपवू त्यांना? तू न्हाई केलं तर उद्या दुपारी उचलून जालन्याला न्हेतील, न्हाईतर पुन्ना पत्रा ठोकून चालू करतील."

"मग करू द्या! म्हंजे पुन्ना कुनाच्या तरी पायावर पडू द्या, मंग तरी कळंल की ऑपरेटर कोन हाय अन् भोक कोनाचं हाय!"

तो हे ओरडून बोलला. शेडमधली ग्राइंडरची घरघर थांबली. आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं आणि त्याला आणखी राग आला, शेठवर, ग्राइंडर बंद करून बघत बसलेल्यांवर, ठोकळ्यांवर पडलेल्या त्या पिवळ्या हातावर. "उद्या दुपारपर्यंत," शेठ एवढंच म्हणाला. गहिनीनाथनं हातमोजे काढून फेकले आणि स्टँडवर जाऊन मिळेल ती गाडी पकडली. भिमाबाईला दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं. तिला फोटो दाखवायचा, तिच्या डोळ्यांदेखत सांगायचं की बघ, मी नव्हतो. जगातल्या एका तरी माणसाला ते पटायला पाहिजे होतं आणि ते माणूस तीच असायला पाहिजे होतं. खिडकीतून येणारी झळ तोंडावर घेत तो बसला होता. बाहेर कपाशीच्या वाळक्या काड्या, छावणीत बांधलेली जनावरं, ऊस जळून गेलेली काळी रानं. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, कुठं उतरायचं? मनात तो भिमाबाईशी बोलत होता. वाक्यं जुळवत होता, मोडत होता. ती रडेल असं त्यानं गृहीत धरलं होतं. का कोण जाणे, पण ती रडेल आणि मग तो मोकळा होईल.

भिमाबाई दारात बसून चिंचा फोडत होती. एक पाय पुढे सरळ, ताठ, काठी शेजारी. पुढ्यात चिंचोक्यांचा ढीग, हातात लोखंडी बत्ता. केस पांढरे झाले होते. तिनं मान वर करून पाहिलं.

"गहिनी," ती म्हणाली. लगेच. एका क्षणात. मोहनरावांना जे जमलं नाही ते तिला लगेच जमलं. "ये. बस तिकडं, सावलीला. काय करतोस आता?"

"बोअरचं काम."

"पानी लागलं का?"

"त्ये न्हवं," तो म्हणाला आणि मग त्याच्यानं थांबवेना. उभ्या उभ्याच तो बोलत सुटला. आर्म, भोक, घळ, तीन वर्षं, स्वतःच्या बोटांवरचा संशय, मोहनराव, खाली माणसं असत्यात. मोबाईल तिच्या तोंडापुढे धरला. "बघ. हे बघ. पिन इथून बाहीर आली. मी झटका दिला न्हवता. मी मोबाईलवर न्हवतो. बघ तू!"

तिनं मोबाईलकडे पाहिलं नाही. चिंचेवर बत्ता मारला, बी बाजूला केली. "मला काय दावतो? मी तिथंच हुते न्हवं का," ती म्हणाली. "पिन बाहीर यायलेली मी बघितली. जाईला म्हनलं सुद्दा, अगं ते बग काय निसटतंय. मंग पडली."

मोबाईल धरलेला त्याचा हात खाली आला.

"तुला ठाव हुतं?"

"न ठाव असाया काय झालं? डोळं काय पायाबरूबर गेलं का माझं?"

"मंग सांगितलं कावून न्हाई कुनाला?" त्याचा आवाज फुटला. "तीन वर्सं मी... तीन वर्सं, भिमाबाई! झोप न्हाई मला!"

बत्ता थांबला. मग ती बोलली ते हळू आवाजात, पण तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. "कुनाला सांगू? दवाखान्यात हवालदार आलता. लागलं का म्हनला. लागलं म्हनलं. अंगठा घिऊन गेला. मोहनराव आलते, फळं घिऊन. बसले न्हाईत. अन् तू? तू आलतास का? तुला झोप न्हाई म्हनतो. मला उठवून बसवायाला दोन बाया लागायच्या. तू एक डाव आला असतास, भिमाबाई तू काय बघितलं म्हनून इचारलं असतंस, तर सांगितलं असतं. तू तुझ्या बोटांच्या मागं लागलास, बस. माझ्या बोटांनी झालं का, माझ्या बोटांनी झालं का. पाय माझा गेला अन् रडनं तुझं."

उन्हात बाजेवर वाळत घातलेल्या चिंचांचा आंबट वास येत होता. त्याला बसायचं होतं, पण बसावं कसं ते सुचेना. "वकील म्हनतो भोक तसंच ठिवा," तो कसाबसा म्हणाला. "कोर्टात साक्षीला लागंल."

"भोकाला साक्षीला न्हेतो?" भिमाबाई म्हणाली. "अन् मी काय मेले?"

त्यानं मोबाईल खिशात घातला.

"जाई परवापतुर त्याच बकेटीखाली दगड लावत हुती," ती म्हणाली. जाईबाई तिची जाऊ. "मी म्हनलं जाऊ नको. ती म्हनती खायाचं काय? मशीन नीट हुत नसंल तर ती त्या तसल्याखालीच उभी ऱ्हानार. तू भर ते. नीट भर. अन् तारीख कधी हाय ते मला सांग. गाडी करून न्हे. मला एसटीची पायरी चढवत न्हाई."

परतीच्या गाडीत त्याला तिचा राग आला. खरा, कडू राग, जो मोहनरावांवरसुद्धा इतका आला नव्हता. तीन वर्षं त्यानं स्वतःला भाजून घेतलं होतं आणि ती सगळा वेळ तिथं बसून होती, सगळं माहीत असलेली, चिंचा फोडत. त्याला वाटलं, आपलं काहीतरी हिसकावून घेतलं तिनं. मग गाडी एका खड्ड्यात आदळली, सगळे सीटवरून उडाले आणि म्हातारी बाई शिव्या द्यायला लागली, आणि त्याच्या लक्षात आलं की तळ्यातून निघालेली ती जीप, जिच्यात भिमाबाईला घातलं होतं, ती याच रस्त्यानं गेली असेल. याच खड्ड्यांतून. हा विचार तीन वर्षांत त्याला एकदाही आला नव्हता. आपण कोठडीत होतो, एवढंच आठवत होतं.

सकाळी त्यानं कुणाशी न बोलता गज बसवला. मध्य जुळवताना राग अजून हातात होता, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं पुन्हा मोजलं, पुन्हा जुळवलं. टॉर्च पेटली. निळसर उजेड भोकात गोल फिरायला लागला. काचेआडून तो बघत राहिला. त्याला निर्दोष ठरवू शकणारी ती घळ वळीवळीनं बुजत होती आणि ती बुजवणारी वायर त्यानंच चढवली होती. मधेच एकदा त्याचा हात बटनाकडे गेला. बंद करावं. अजून अर्धी दिसतेय. अर्धी तरी दिसतेय. मग त्याला जाईबाई आठवली, जिचा चेहराही त्याला नीट आठवत नव्हता, फक्त वाकलेली पाठ आठवत होती, आणि त्यानं हात खाली घेतला. असा राग त्यानं कधी केला नव्हता, जो ओरडू देत नव्हता, फेकू देत नव्हता, उलट काम नीट करायला लावत होता. लोखंड थंड झाल्यावर त्यानं पातं लावलं. चकाकत्या तारांसारखा कीस खाली पडत गेला. पिनेसाठी भोकात घालायचा लोखंडी बुश बसवला तेव्हा तो हाताच्या दाबानं जाईना, ठोकून घालावा लागला.

मोहनराव आले, वाकले, आत बोट फिरवलं. "वा. नवंच केलं की. नाव काय रे तुझं?"

"गहिनीनाथ. तुमच्या मशीनवर हुतो. भिमाबाईचा पाय गेला तवा."

मोहनरावांनी बोट टॉवेलला पुसलं. चेहरा फारसा बदलला नाही, फक्त डोळे थोडे बारीक झाले आणि मग ते हसले. हसले, हे त्याला पुढेही कधी विसरता आलं नाही. "आरं, तू हाय व्हय! कुठं गायब झालतास? त्ये केसचं कशाला डोक्यात घेतो, मिटवून टाकू आपन. तुला मशीनवर यायचं का परत?"

"न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. "म्होरल्या तारखेला भिमाबाईला आनतो मी कोर्टात. ती बघितलेलं सांगनार हाय."

"ती काय सांगनार? तिला काय कळतं मशीनमधलं?"

त्यानं हातातला पाना आर्मवर आपटला. पत्र्याच्या शेडभर आवाज घुमला. राधाकिशनशेठ पुढे आला, पण मध्ये पडला नाही. "तुमाला मीबी सांगितलं हुतं," गहिनीनाथ म्हणाला. "मला कळत हुतं न्हवं? मंग?"

मोहनराव वळले. टेम्पोवाल्याला उचला म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

पुढे काय झालं ते सांगण्यासारखं फार नाही. पाऊस उशिरा आला, थोडाच आला. दिवाळीनंतर निकाल लागला, गहिनीनाथ सुटला. मोहनरावांवर कसलीच केस झाली नाही. ते पुढच्या निवडणुकीत साखर कारखान्याच्या संचालक मंडळात गेले आणि त्यांच्या सत्काराची पोस्टरं बीडच्या स्टँडवर महिनाभर फडफडत होती. ती पाहिली की गहिनीनाथचे दात अजूनही आवळतात. निर्दोष ठरल्यावर राग जाईल असं त्याला वाटलं होतं. गेला नाही. फक्त रागाचं तोंड फिरलं, आता तो रात्री गहिनीनाथकडे बघत नाही.

पण त्या तारखेच्या दिवशी हे काहीच माहीत नव्हतं. भाड्याच्या गाडीतून त्यानं भिमाबाईला आणलं होतं, कोर्टाच्या पायऱ्या धरून धरून चढवलं होतं, आणि वाटेत ती त्याच्याशी जवळजवळ बोलली नव्हती. निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून ती पिंजऱ्यात उभी राहिली. बसायला देऊ का, न्यायाधीश बाईंनी विचारलं. नको म्हणाली. पिन भोकातनं निसटताना बघितली, ऑपरेटरच्या दोन्ही हातांत दांड्या हुत्या, कानाला काय न्हवतं, असं तिनं एका दमात सांगितलं. सरकारी वकील उठला. पोलिसांकडे तिनं असं काहीच सांगितलेलं नव्हतं. तो चिडला होता.

"एवढं सगळं पाहिलं होतं, तर तीन वर्षं गप्प का बसलात बाई?"

भिमाबाईनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग ती वकिलाकडे नाही, न्यायाधीशांकडे नाही, आरोपीच्या जागी उभ्या असलेल्या गहिनीनाथकडे बघून बोलली.

"गप कुठं बसले? इचारलं न्हाई कुनी. आज इचारलं."

लिहून घेणाऱ्यानं मान वर केली. पंख्याच्या आवाजात त्याला नीट ऐकू आलं नव्हतं. "काय म्हणालात?" त्यानं विचारलं.

ती पुन्हा बोलली. मोठ्यानं.